मिठावर भाजलेली बिस्किटं

प्रिय माधवी,

फोन करत नाय, कारण हर्षदचा विषय काढला की तू रडतेस आणि रेंज नाय म्हणून फोन ठेवतेस. कागदाला तसं करता येत नाय. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर कोंबडीच्या पायाचं हाय, लावून वाच. कोल्हापुरात बेकरीचं शिकायला गेलीस ना, मग आधी आपल्या कडावच्या बेकरीची बातमी ऐक.

तुझी लेक माझ्या मागं लागली होती, "आजी, आईसारखी बिस्किटं कर." मी म्हटलं, तुझी आई काय आकाशातून पडली? तूप आणि पिठीसाखर फेसली, मैदा मळला, तुझ्या बाटलीतलं व्हॅनिला ओतलं. थेंब घालायचे की झाकण भरून, कोणाला ठाऊक? मी झाकण भरून ओतलं, मग अजून अर्धं. शेजारची चंद्राबाई दारात येऊन विचारते, "अगरबत्तीचा कारखाना काढलास का गं?" गोळे वळले, काट्यानं दाबले, कुकरात ठेवले. आता जन्मभर भात शिजवलेल्या बाईला कुकरात पाणी घालू नको हे सुचणार कुठून? पाणी घातलं, शिटी लावली. उघडून बघते तर बिस्किटं कसली, फसलेल्या मोदकांचा लगदा! चिमा म्हणाली, "आजी, ही चमच्यानं खायची का?" पोरगी तुझी, जीभ माझी.

तिनंच हर्षदला फोन लावला, "काका, लवकर या, आजी कुकर फोडतेय." चौक गावातलं आपलं गॅरेज तसंच टाकून आला तो. मी म्हटलं, "तू गाड्यांचा डॉक्टर, माझ्या चुलीत तुझं काय काम रं?" तर म्हणतो, "मावशी, इंजिन तापतं कसं ते कळलं की कुकर पण कळतो." आगाऊ मेला! पण त्यानं शिटी काढली, रबर काढलं, तळाला जाडं मीठ पसरलं, त्यावर कडं, कड्यावर ताटली. पाण्याचा थेंब नाय. गॅस बारीक. मग आमी तिघं ओट्यासमोर बसलो, पाळण्याकडं बघत बसावं तसे.

निघाली गं! कडा लालसर, मोडली की कट्‌कन आवाज. तुझ्यासारखी नाय, तुझ्याहून जरा बरीच झाली. मधली तेवढी खालून करपली होती. ती हर्षदनं आपल्याकडं ओढली आणि चांगली चिमाच्या आणि माझ्या पुढ्यात सारली. मी बघितलं. माझा स्वप्नील करपलेलं ताटाच्या कडेला ढकलायचा, मग ते तू खायचीस. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण लेक माझा होता, मी ठेवीन.

आता कागद कशाला खर्ची घातला ते सांगते. हर्षदनं मागणी घातली तेव्हा तू त्याला म्हणालीस, सासूला एकटं टाकून येणार नाय. हे मला त्यानं नाय, चंद्राबाईनं सांगितलं. माधवी, मी काय झाकून ठेवायचं दही हाय? भात मी लावते, म्हशीची धार मी काढते, आता बिस्किटं पण भाजते. चौक काय सातासमुद्रापार हाय? चिमा तुझ्याबरोबर जाईल, शाळेला सुट्टी लागली की माझी. हे विचारत नाय, सांगतेय. तुला तो माणूस नको असेल तर खुशाल नाय म्हण, पण स्वतःच्या मनानं म्हण, माझ्या नावानं नको. आणि हो म्हणालीस तर साखरपुड्याला मी मुलीकडच्या बायकांत बसणार. तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव, जरा सरकून बस म्हणावं.

तुझीच,
चिमाची आजी