अप्पांच्या कोटाचं माप

तंजावूर, जून १९९४

चि. अखिला,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. अप्पांचं मन पुन्हा फिरलं, तर तू दुसऱ्यांदा रडशील.

तू त्रिचीच्या चर्चमध्ये एडविनशी लग्न करणार हे कळल्यापासून त्यांनी घरात तुझं नाव काढलेलं नाही. आज सकाळी मात्र मला म्हणाले, "चल, कोटाचं कापड बघू." साठ वर्षांत या माणसाने कोट शिवून घेतला नव्हता. कशासाठी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुकानात त्यांनी आधी काळं कापड हातात घेतलं. मग ते बाजूला सारून तपकिरी, बारीक चौकड्यांचं निवडलं. तुझा शाळेचा झगा तसाच होता. "सूट नको, नुसता कोट. असलेल्या पँटींवर चालेल," ते म्हणाले. बटणं त्यांना तीन हवी होती.

"तीन लावली तर बस कंडक्टर दिसाल, सार," टेलरमास्टर म्हणाला. अप्पा हसले नाहीत.

बाहीचं माप घ्यायला टेप उलगडून मास्टरने तमिळमध्ये विचारलं, "कै?" तो बिचारा हात मागत होता. अप्पा कुठल्या विचारात होते कोण जाणे, त्यांना ते आपलं मराठी 'काय' वाटलं.

"काय म्हणजे? मुलीचं लग्न आहे माझ्या," ते मराठीतच म्हणाले, जरा मोठ्याने.

मास्टर माझ्याकडे बघत राहिला. मी अप्पांचा हात उचलून टेपपुढे धरला. त्यांनी तो धरू दिला.

तुझी,
आई