हिरवळीतली भोकं

वैशाख वद्य ११, शके १८५५

चनमल्लप्पा माळी सकाळपासून हिरवळीला भोकं पाडतोय! खुरपणी नाही, खणणं नाही — लोखंडी गज घ्यायचा, वीतभर खुपसायचा, उपसायचा, पुढं सरकायचं. विचारलं तर म्हणाला, "आज्जी, भुई लई दडपलीया. मुळांला वारा पायजे." मुळांना वारा! उद्या पंखा मागतील.

लेकाला, आमच्या हिंदुरावाला, सरकारी बांधकामावर ओव्हरशेर म्हणून शहरात सात रस्त्याजवळ हा बंगला मिळाला. हिरवळ आधीच्या साहेबाची. आमच्या गावी गवत मेंढरांसाठी असतं, इथं नुसतं बघायचं.

खरं दुखणं इथंच लिहिते. सून रंभा हसेल. अकरा वर्षं वाट बघून नातू झाला, सिदू. त्याची गळालेली नाळ मी गुपचूप हिरवळीत पुरलीय, जाईपासून चार पावलांवर. बाकी सगळी फरशी, पुरणार कुठं? अन् नाळ परक्या हाती गेली की लेकरावर करणी होते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक!

वद्य १३

भोकं जाईजवळ आली. अवस परवावर, करणीचा दिवस. आत्ताच कसं सुचलं ह्याला?

सिदूला दात आला! तांदळाच्या कणीएवढा. माझंच बोट चावला लबाड.

वद्य १४

नाळेच्या जागी घोंगडी टाकून सिदूला मांडीवर घेऊन बसले. आता रोज बसणार, घोंगडी रात्रीही तिथंच. रंभा ओट्यावरनं, "आत्याबाई, उन्हात तप करताय काय?" म्हटलं, पोराला मोकळी हवा.

चनमल्लप्पा गज टेकून उभा. "आज्जी, वाईच सरका की."

"न्हाई सरकत!"

हसला. का हसला?

अवस

भोकांत वाळू नि खत भरलं. लेंडीखत म्हणतो. वास घेऊन बघितला — लेंड्याच. मेंढरांत वाढलेली मी, मला कोण फसवणार! तरी सिदूवरनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

ज्येष्ठ शुद्ध ३

बसले. कंबर गेली. खाली ढेकळं टोचतात.

शुद्ध १२

सगळी हिरवळ पोपटासारखी! घोंगडीची कड उचलून बघितली तर फक्त माझी जागा पिवळी. चनमल्लप्पाला धरलं. "काय केलंस हितं? खरं बोल!"

"मी कुटं काय केलं? तुमी पुरताना बगितलं व्हतं मी. गज चुकून लागू नये म्हून आदीच चार खडे लावले तितं. माज्या पोराची बी पुरलीया की आमच्या दारात! आज्जी, घोंगडी तेवढी उचला. गवत गुदमरलंय."

सगळी उचलली. गवतात रुतलेले चार पांढरे खडे. ढेकळं समजत होते मी.

शुद्ध १३

आज गज मी धरला. खड्यांच्या आत, नाळेपासून चार बोटं लांब, एक भोक पाडलं. तेवढा वेळ चनमल्लप्पा पाठ फिरवून उभा. सिदू बाजूला टाकलेल्या घोंगडीवरनं उतरला नि रांगत रांगत त्याच्याकडं निघाला — पहिल्यांदाच! जाऊ दिला.