काथ्याने घासलेलं इंजिन

अहो,

तुम्हाला पत्र लिहिण्याचं कारण एकच. आईंनी तुमचं इंजिन धुतलं.

तुमचं वर्षश्राद्ध झालंय, तेव्हा यंदा सण करायला हरकत नव्हती. काल खंडेनवमीला आई म्हणाल्या, "त्याची हत्यारं पूजेला काढते." मला वाटलं ब्रश, चिमटे, कानस काढतील. हातातलं काम संपवून बाहेर आले, तर पाटावर तुमचं मालगाडीच्या इंजिनाचं वीतभर मॉडेल. काथ्या आणि धुण्याच्या पावडरीने घासलेलं, पुढचे धक्के झेलणारे पितळी बफर चिंचेने उजळलेले, कपाळावर कुंकू, वर झेंडू. "किती घाण साचली होती गं," आई म्हणाल्या. "पुसायला वेळच मिळाला नसेल त्याला."

ती घाण चढवण्यात तुमचा अख्खा पावसाळा गेला होता, हे त्यांना कोण सांगणार? छतावर समईची काजळी, दारांखाली गेरू, चाकांवर चुलीतली राख. कडक इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत जाणारा माणूस घरी येऊन नवंकोरं इंजिन मळवत बसतो, हे मी पाहुण्यांना कसं समजावत असेन? मी पोहे पुढे करायचे.

पनवेलच्या यार्डाशी तुम्ही मुलगी बघायला आल्यासारखे उभे राहायचात. मला बघायला आलात तेव्हा एवढं निरखलं नव्हतंत. वर मलाच शिकवायचात, "मळ उगाच नसतो. तेल गळतं तिथे धूळ बसते. ज्या डागाला कारण नाही, तो पुसायचा."

दिवाळीत वाचनालयाच्या हॉलमध्ये तुमचं सगळं छोटं पनवेल स्टेशन मांडायचंय. घोसाळ्याच्या जाळीची झाडं, भुशाचं गवत, पुठ्ठ्याचा फलाट. शब्द तुम्ही दिलात आणि निघून गेलात. आता त्या धुळकट फलाटावर हा नवरदेव उभा करायचा? तुमचे मित्र जोशी बघून म्हणाले, "वहिनी, मस्त चकाचक झालंय. असंच राहू द्या." त्यांना चहा विचारला नाही.

आईंना मात्र बोलले. "आई, ही घाण नव्हती. हेच त्यांचं काम होतं. ते तुम्ही धुऊन टाकलंत."

त्या आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. परत आल्या त्या वाटीत काजळी घेऊन.

"मळवायचंच होतं तर आधी सांगायचंस. तुझ्या पोरांना काजळ कोणी धरलं? तुला येतं का?"

मला येत नव्हतं. माझ्या पहिल्या हाताने इंजिन कोळशाच्या वखारीतून आल्यासारखं दिसू लागलं. पुसलं. पुन्हा केलं. खालून धूळ, वरून धूर, हे तुमचं वाक्य तेव्हा आठवलं. आईंचं बोट माझ्या ब्रशपेक्षा हलकं निघालं. आज दसऱ्याच्या दुपारी पुरणाच्या हातांनी आम्ही दोघी गेरू चाळत होतो. शेजारच्या वहिनी सोनं द्यायला आल्या आणि आमचे हात बघून दारातूनच परतल्या.

कपाळावरचं कुंकू तेवढं राहिलं. रिव्हेटांच्या भोवती घट्ट बसलं होतं. खरवडायला सुई घेतली आणि थांबले. दसऱ्याला खऱ्या इंजिनांनाही हार घालतात, कुंकू लावतात. मग ते धूळ खात, ओघळत महिनोन्महिने तिथेच असतं. इतकी वर्षं यार्ड बघितलंत, हा डाग कसा हो सुटला तुमच्या नजरेतून?

त्याला कारण आहे, म्हणून ठेवला. राखेने जरा जुना केला, इतकंच.

तर ऐका. दिवाळीत तुमचं इंजिन फलाटावर उभं राहणार, मळकंच. मालगाडीच्या कोऱ्या राहिलेल्या वाघिणी मी मळवणार, आई देखरेख करणार. पुढच्या खंडेनवमीला कुंकू त्याच जागी लागेल, काथ्या मी लपवून ठेवेन. आणि हॉलमध्ये कुणी नाक मुरडून विचारलं, हे एवढं घाण का, तर सांगेन, कामावरून आलंय.

तुमची,
नखांत काजळी घेऊन बसलेली
सुधा