दोन नळ्या, दोन कान

२ मार्च
तात्यांचा फोन. तात्या म्हणजे सुमनचे थोरले भाऊ, पासली गावचे. जत्रा पाच एप्रिलला. "दाजी, यंदा गाडी घिऊनच या. ढकलायला आमी हाय पाच जन." मागं कोणीतरी खिदळलं.
चार वर्षांपूर्वी वेल्ह्यापुढच्या चढावर आमची फियाट एका वळणावर बंद पडली आणि पाच मेहुण्यांनी ती ढकलत वर नेली. मी स्टेअरिंगवर, सुमन शेजारी, पदर तोंडाला. तेव्हापासून तात्यांचा एकही फोन त्या विषयाशिवाय संपलेला नाही. मी डेपोतला मेकॅनिक आणि माझीच गाडी ढकलून न्यायची, म्हणजे दिव्याखाली अंधार.
ठरलं. एक कार्बोरेटर काढून दोन बसवायचे. इंजिन लहान, चढावर दम लागतो त्याला; दोन नाकपुड्यांनी श्वास घेऊ दे. जुन्या बाजारातून आणलेली जोडी माळ्यावर धूळ खात पडलीच आहे.
सुमन काहीतरी म्हणाली. कळलं नाही. हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

५ मार्च
हमीदच्या लेथवर. शाळेपासूनचा दोस्त, भोरात याच्यासारखा हात नाही. दोन कार्बोरेटर बसतील असा मॅनिफोल्ड, म्हणजे त्यांना इंजिनाशी जोडणारा नळीचा फाटा, त्याने करून ठेवलाय. वेल्डिंग सुरेख.
ह. म्हणाला, "एका बैलावर चाललं व्हतं की रं तुझं. आता जोडी जुंपतोस तर दोगं सारखं वढलं पायजेत. न्हाईतर एक वढणार आन् दुसरा नुस्ता संगं चालनार."
म्हटलं, कान आहे ना माझा!
आहेच. डेपोत मला 'कानवाले' म्हणत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ डाव्या कानाला. डावाच, म्हणजे उजवा हात कामाला मोकळा. कुठलं बेअरिंग वाजतंय ते इंजिन न उघडता सांगायचो. साहेब लोकसुद्धा थांबून राहायचे. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत लोक गाडी उभी करतात, "अण्णा, जरा ऐका की." माझी काय मिळकत असेल ती एवढीच.
अर्थात हल्लीच्या गाड्या चांगल्या असतात. ऐकायला फारसं काही सापडत नाही.

९ मार्च
दोन्ही बसले. सांध्यातलं गॅस्केट दोनदा कापावं लागलं. पहिल्या दणक्यात इंजिन सुरू!! सुमनला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आता त्यो जुना एकटा कुटं ठिवनार?" बायकांना काय सुचेल...

१० मार्च
आता जोडी सारखी करायची. कार्बोरेटर हवा ओढतो तेव्हा फुस्स असा आवाज येतो. दोघांचा सारखा आला म्हणजे दोघं सारखी हवा ओढतात. लोक एक रबरी नळी कानाला लावून आधी पुढच्याचं ऐकतात, मग मागच्याचं. तेवढ्यात पहिला आवाज विसरायला होतो. मी डोकं चालवलं: एकाच मापाच्या दोन नळ्या कापल्या. पुढच्या कार्बोरेटरची डाव्या कानात, मागच्याची उजव्या. दोन्ही एकदम! ह. ला फोन करून सांगितलं. हे कोणाला सुचलं नसेल.
पुढचा कमी ओढत होता. त्याचा हवा वाढवायचा स्क्रू उघडत नेला. तासाभरात दोन्ही कानांत अगदी एकसारखं.

११ मार्च
नीरा नदीच्या पुलापर्यंत फेरी. मिसिंग मारते, मधेच ठोका चुकते. उभी असली की थरथरते, कप टेकवला तर सांडेल. कालच तर सारखं केलं होतं.
परत नळ्या लावल्या. सारखंच आहे!

१३ मार्च
काही कळत नाही. प्लग काढले. पुढचे दोन तापून पांढरेफटक, मागच्या दोघांवर काजळी. मागच्या दोन सिलिंडरांच्या वायरी काढून पाहिल्या, इंजिनाला पत्ताच नाही, चालूच. पुढच्या काढल्या तर लगेच बंद. म्हणजे ओझं सगळं पुढच्यांवर.
पण ऐकायला सारखं.
ह. म्हणतो मॅनिफोल्डमध्ये दोष असेल तर माझा कान धर. मॅनिफोल्ड काढून पाण्यात बुडवून हवा भरून बघितलं. बुडबुडासुद्धा नाही. मग?

१४ मार्च
नळ्या, स्क्रू, नळ्या, स्क्रू. गाडी आणखी बिघडली.
बाजारातून येताना वाटेत सुमन गप्पच होती. गाडीत ती हल्ली बोलत नाही. बरंय, इंजिनाकडे लक्ष राहतं.

१७ मार्च
आज काय झालं ते नीट लिहितो, म्हणजे मला तरी कळेल.
नळ्या कानात घालून बसलो होतो. सुमन चहा घेऊन आली. दोन्ही नळ्या तिच्या हातात दिल्या, चहा प्यायलो, परत घेतल्या, कानात घातल्या. आणि मागचा कार्बोरेटर बंद! आवाजच नाही. पुढचा मात्र सापासारखा फुत्कारतोय. ओरडलो तिच्यावर, कशाला हात लावलास?
"म्या कशालाबी हात लावला न्हाई. नळ्या तेवढ्या उलट्या दिल्या असतील."
मागच्याची डाव्या कानात गेली होती. नळी बुजली असेल म्हणून फुंकून पाहिली. साफ. मागच्याला दुसरी नळी लावून तीच डाव्या कानात घातली, तरी तेच. मग मनगटावरचं घड्याळ उजव्या कानाला लावलं, टिकटिक. डाव्या कानाला लावलं, बंद. उजव्या, चालू.
तीनदा केलं.
सुमन बघत होती. म्हणाली, "आवो, मला वाटलं तुमाला ठावं हाय."

१८ मार्च
म्हणजे डावा कान कमी ऐकतो म्हणून त्या बाजूचा कार्बोरेटर मी उघडत गेलो. गाडीत काही बिघाड नव्हताच. मीच रोज मन लावून बिघडवत होतो.
डावा. कामाचा कान तोच.

१९ मार्च
गेल्या महिन्यात दुधाच्या जीपवाल्याला मी सांगितलं होतं, काही नाही, बिनधास्त चालव. आठवड्यात बेअरिंग फुटून तो रस्त्यावर, सगळं दूध नासलं. मी म्हटलं, तूच नीट चालवली नसशील. चारचौघांत म्हटलं.
त्याआधी किती जणांना 'काही नाही' म्हणालो? आठवत बसलो. हल्लीच्या गाड्या चांगल्या म्हणे! लाज वाटली. भीतीही वाटली, खोटं कशाला लिहू.

२३ मार्च
पुण्यात कानाच्या डॉक्टरकडे. सुमन हट्टाने बरोबर आली. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. उजवा झाला. मग बराच वेळ काहीच होईना. मला वाटलं मशीन बंद पडलं. बाहेर आलो तर तपासणी संपली होती.
डाव्या कानात यंत्र घालायला सांगितलंय. उजवाही थोडा उतरलाय. विचार करून सांगतो म्हटलं. कसला विचार? कानात यंत्र घालून मी कोणाचं इंजिन ऐकू? आणि कोण ऐकवेल?
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मला काय माहीत. सुमन म्हणाली, "पाच-सा वर्सं झाली."

२४ मार्च
विचारलं तिला, मग सांगितलं का नाहीस?
"सांगत व्हते की. गाडीत तर रोजच बोलत व्हते. तुमी उत्तरच देत न्हवता. मला वाटलं, मानसाला आपलं बोलनं नको झालंय. मंग सोडलं."
गाडीत ती माझ्या डावीकडे बसते.
१४ मार्चला मी 'बरंय' लिहिलंय. खोडणार होतो. राहू दे.

२६ मार्च
आज ती आणखी एक बोलली. चार वर्षांपूर्वी त्या वळणावर, गाडी बंद पडायच्या जरासं आधी, तिने मला काहीतरी सांगितलं होतं. काय? "आता काय त्याचं." गाडीबद्दल होतं? "न्हाई." मग? भाकरी थापायला लागली.
दिवसभर डोक्यात तेच.

२९ मार्च
एकच नळी, फक्त उजवा कान, आळीपाळीने. जुनी पद्धत. जुन्या लोकांना अक्कल होती. पुढच्याचा स्क्रू बराच मिटवावा लागला. थरथर गेली, कप टेकवून पाहिला. पण खात्री? उजवाही उतरलाय म्हणतात. ह. ला ऐकायला लावलं. तो म्हणाला, "एकदम सारखं." सुमनला लावलं. "मागचा रवाभर कमी." मला दोन्ही सारखे. बत्तीस वर्षांत मी कोणाला विचारून स्क्रू फिरवला नाही.
सुमनचं ऐकलं. पाव फेरा.
ह. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मला तर कवाचंच कळलं व्हतं. लेथवर मी डावीकडं उभा राहून शिव्या घालायचो, तू हसायचास." हरामखोर.

२ एप्रिल
जीपवाल्याकडे जाऊन आलो. चूक माझी होती म्हणालो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, अण्णा. बसा, च्या घ्या." बसलो. आत कोणीतरी काही बोललं आणि सगळे हसले. काय बोललं कळलं नाही. माझ्यावरच असेल, नसेलही. हे आता असंच चालायचं का?
यंत्राचं अजून ठरत नाही.

५ एप्रिल
वेल्ह्यात, चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. नसरापूरमार्गे इथपर्यंत गाडी विनातक्रार. पुढे चढ. तात्यांचा फोन येऊन गेला, पाचही जण वळणावर येऊन बसलेत, पोहे घेऊन.
निघताना सुमन शेजारी बसली नाही. मागच्या सीटवर, उजव्या अंगाला, माझ्या मागे बसली. भोरपासून बोलतेय. भाच्याचं लग्न, शेजारणीचा गुडघा, गॅस संपत आलाय. मी इतकी वर्षं शांत गाडी चालवली, काय मूर्खपणा.
आत्ता म्हणाली, "आवो, बारीक टकटक यायला लागली, पुढनं." मी बॉनेट उघडून उजवा कान लावला. मला काही नाही. टपरीवाल्याला ऐकवलं, तो म्हणतो, "जरा येतीया वाटतं. का न्हाई?" पत्रा सैल झाला असेल. बेअरिंगही असेल. पूर्वी एका क्षणात सांगितलं असतं.
तिलाच विचारलं, चढवू का?
म्हणाली, "चढवा."
म्हटलं, त्या दिवशी वळणावर काय म्हणाली होतीस ते आधी सांग.
"त्या वळनावरच सांगीन. गाडी चालली तर चालत्या गाडीत, न्हाई तर उतरून. पर यंदा मान वळवून ऐका."
चहा संपला. निघतो.