बाबा नुसते हसले

मंगळवार, ऑगस्ट २००१

अजून डोकं शांत नाही. शिरोळच्या गिऱ्हाइकाचा जुना व्हिडिओ गेम मी नीट केला. मी! अँटेनाच्या वायरीतून चित्र यायचं, त्यावर सारख्या मुंग्या. मी सिग्नल गेमच्या आतूनच उचलला, एक ट्रान्झिस्टर घातला आणि थेट टीव्हीच्या व्हिडिओ सॉकेटात दिला. तीन दिवस लागले. आज लावलं तर चित्र काचेसारखं स्वच्छ.

गिऱ्हाईक बाबांना म्हणालं, "मेस्त्री, तुमच्या हाताला गुण हाय बघा!" बाबा नुसते हसले. मी शेजारीच उभी, हातात सोल्डरिंगची गन.

तो गेल्यावर विचारलं, तर म्हणाले, "पोरीनं केलंय म्हटल्यावर कोण काम देतंय? दुकान चालवायचं हाय की न्हाय?" मग मला डिप्लोमा कशाला करायला लावला? त्यांनी गिऱ्हाइकाला एक शब्द तरी सांगायचा होता. नुसते हसले.

जेवताना बाबा म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाचा मेहुणा उद्या तसलाच गेम आणतोय, मी हो म्हटलंय." सिग्नल कुठून उचलायचा, हे बाबांना माहीतच नाही. मी म्हटलं, "मग करा की तुम्हीच." त्यांचा घास हातातच राहिला. आई माझ्यावर ओरडली. ओरडू दे. उद्या मी दुकानात जाणार नाही.