तट्ट्याआडून दिलेलं उत्तर

बाई, आज वडशाच्या बसस्टँडवर ती भेटली, आपल्या शाळेतली, तेव्हाची चौथीतली सर्वांत उंच पोरगी. आता नातवंडांची आजी झाली आहे. बसच्या पाटीकडे बोट दाखवून मला विचारते, "भाऊ, हे गाडी कुठी जाते?" मी सांगितलं, तिला गाडीत बसवून दिलं आणि गिरणीत परतलो, पण धानाच्या कामात काही जीव लागेना.

आपली शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग आणि तुम्ही एकट्या. मधे बांबूचा तट्टा. अलीकडे आम्ही पहिली-दुसरीचे, पलीकडे तिसरी-चौथी. तुम्ही तिकडे शिकवायच्या आणि मी इकडे बसून चौथीचं सगळं पाठ करायचो. दुसऱ्या खोलीसाठी, दुसऱ्या मास्तरसाठी तुम्ही किती अर्ज केले असतील! ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत उत्तर एकच यायचं, निधी नाही. शेवटी तपासणीला साहेब आले. ते चौथीसमोर उभे आहेत. त्या उंच पोरीला विचारतात, "एकोणीस साते?" ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरते. आणि तट्ट्याआडून मी ओरडतो, "एकशे तेहतीस!" साहेब वाकून बघतात. "वैनगंगा कोणत्या नदीले मिळते रे?" "वर्धेले! मंग तिले प्राणहिता म्हणते!"

साहेब खूश. "काऊन रडता बाई खोलीसाठी? तुमचे दुसरीतले पोट्टे चौथीचं सांगून राह्यले!" आणि शेरेबुकात लिहून गेले: सध्याची व्यवस्था समाधानकारक.

खोली आली नाही. मास्तरही नाही. दिवाळीनंतर ती पोरगी शाळा सोडून आईमागे धानकापणीच्या मजुरीला जायला लागली. तुम्ही दोनदा तिच्या घरी जाऊन आलात. मी मात्र पुढे शिकत गेलो, हुशार म्हणवून घेत.

त्या दिवशी साहेबांची जीप गेल्यावर मी रडत होतो. तुम्ही पाठीवरून हात फिरवलात. "बरोबर सांगतलं ना बाबू, मंग काऊन रडतं? साहेबाले भ्याला का?"

भ्यालो नव्हतो, बाई. आदल्या दिवशी दाराशी रांजण भरताना तुम्ही सरपंचभाऊंना म्हणालात ते मी ऐकलं होतं: "उद्या पोरं अडली तं अडू द्या भाऊ. खरं दिसल्याशिवाय खोली नाई भेटत." मला सगळं समजलं होतं. पण साहेब मला 'वा' म्हणतील, एवढंच त्या घडीला मला हवं होतं. त्यानंतर पंधरा वर्षं तुम्ही होतात, तेव्हा कधीही हे सांगता आलं असतं. आता तुम्ही नाही, तेव्हा लिहितो, म्हणजे कोणी वाचणार नाही.