लिहायला मनाई असलेलं पान

५ जानेवारी २००४, कारेगाव
सकाळी घरमालकिणीकडे आईचा फोन. दशरथमामाला काट्यावरून काढलं. चौफुल्याचा तो वजनकाटा मामाच चालवतो, मी शाळेत होते तेव्हापासून. कांद्याचा ट्रॅक्टर तिथं कमी भरला, पुढच्या काट्यावर जास्त. असं पुन्हा पुन्हा झालं. काट्याचे मालक आप्पा चारचौघांत म्हणाले, "दशरथ, तू काट्याशी खेळतोयस."
काट्याचं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसचं. आईला ते माहीत नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ चप्पल सापडेना. पायातच होती.

६ जा.
सरांना सांगितलं. पॉलिटेक्निकला त्यांनीच मला शिकवलं, नोकरीही त्यांनीच दिली. ऑफिस म्हणजे सर आणि मी. ते म्हणाले, "प्रोग्रॅम इतकी वर्षं चालतोय. आधी माणूस बघावा."
"माणूस माझा मामा आहे, सर."
सर चहा ढवळत राहिले. साखर घातलेलीच नव्हती.

११ जा., रविवार
न्हावऱ्यामार्गे एस.टी.नं घरी. भीमेवर धुकं. दोन्हीकडच्या उसाला तुरे आलेत, गाडी ढगातून चाललीय असं वाटत होतं. पारगाव कधी गेलं कळलं नाही.
मामा त्याच्या दारात, बाभळीखाली. मामी आतूनच म्हणाली, "जेवत न्हाईत. तूच सांग काय तरी."
मामा म्हणाला, "आप्पांनी तपासायला माणूस आणला तवा काटा बरोबर दावतो. मग मीच चोर की. तुला पटतंय व्हय, मी हात लावला आसंल?"
"न्हाई पटत."
"तू आमचीच. तुझं म्हननं कोन धरतंय?"
येताना काट्यावरच्या जुन्या नोंदी फ्लॉपीवर घेतल्या. आप्पांनी अडवलं नाही.

१३ जा.
काट्याखालच्या सेन्सरकडून आकडा येतो, त्याला एका गुणकानं गुणलं की किलो निघतात. गुणक एकदा ठरवला की बदलायचा नाही. पण त्या नोंदी पाहता तो मधेच बदलत असणार. प्रोग्रॅमचाच कुठला तरी भाग चुकून त्याच्यावर लिहितोय.
पकडायचं कसं? एमप्रोटेक्ट नावाचा कॉल, म्हणजे एक हुकूम, आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं, मेमरीचं हे पान, म्हणजे ठराविक मापाचा हा तुकडा, वाचू दे, लिहू देऊ नको. कुणी लिहायला गेलं की प्रोग्रॅम जागीच पडतो, बंद होतो. कुठल्या ओळीवर पडला, तेही कळतं.
आज तो हुकूम चाललाच नाही. पत्ता चुकीचा म्हणे. पानाच्या ऐन सुरुवातीपासूनच कुलूप लागतं, मधूनच नाही.

१५ जा.
स्वप्न. आजोबा मेंढरांभोवती वाघर लावताहेत. मी लहान, जाळीचं एक टोक धरून. आत मेंढरं नाहीत, नुसते आकडे, पांढरे, ऊब असलेले. एक आकडा माझा हात चाटतो. आजोबा म्हणतात, "आत बघू दे समद्यास्नी. शिरू दिऊ नगं."
उठले तर हात थंडगार. खिडकी उघडी राहिलेली.

१६ जा.
गुणकाला स्वतंत्र पान दिलं. कुलूप लागलं. जुन्या नोंदी दिवसभर चालवल्या, काहीच पडलं नाही. वजनंही बरोबर! आनंद व्हायला हवा होता. पण मी त्याला मेमरीतल्या शेजाऱ्यापासून लांब नेलं, मग घुसणारा येईल कसा? शेजार तोच ठेवून कुलूप लावायला हवं.

१७ जा.
शेजारी होती ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावाची जागा. ती पानाच्या अगदी शेवटी टेकवली आणि गुणक पुढच्या पानाच्या ऐन सुरुवातीला. कुलूप. नोंदी सुरू.
जेवणाच्या सुट्टीत पडला.
परराज्यातला ट्रक, ट्रान्सपोर्टचं लांबलचक नाव. नाव जागेत मावलं नाही, सांडलं, गुणकावर गेलं. त्यानंतरची सगळी वजनं चुकीची, मामा संध्याकाळी मशीन बंद करेपर्यंत. सकाळी सुरू केलं की पुन्हा बरोबर. म्हणूनच तपासणीत कधी सापडलं नाही.
प्रोग्रॅम जिथं पडला ती ओळ सरांची आहे.
बाहेर येऊन उभी राहिले. कंपन्यांच्या बस रांगेनं चाललेल्या, खिडक्यांत झोपलेली माणसं. वाटलं, यातल्या कुणाला तरी थांबवून सांगावं.

१९ जा.
सरांना दाखवलं. दोनदा चालवायला लावलं. दोन्ही वेळा पडला. मग म्हणाले, "छान काम केलंस. दुरुस्त कर, नवीन प्रोग्रॅम पाठवून देऊ."
"आणि मामा?"
"वजनं बरोबर येऊ लागली की लोक विसरतील."
"आता वजनं बरोबर आली तर म्हणतील, दशरथ गेला म्हणून काटा सुधारला."
मला त्यांचा राग यायला हवा. पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, शिकवताना फळ्यावर घरं काढायचे, छोटी, कौलारू. तेच आठवत राहिलं.

२० जा.
रजा टाकून एकटी आप्पांकडे. सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.
"पोरी, तू शिकलेली. पर दशरथ तुझा मामा हाय. उद्या लोक मलाच हसतील. ज्यानं प्रोग्रॅम केलाय त्याच्या तोंडून ऐकू दे."
म्हणजे मी खोटी नाही. पण पुरेशीही नाही. मामाकडे न जाताच परतले.

२१ जा.
आप्पा काय म्हणाले ते सरांना सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. होकार की नुसतीच ऐकल्याची खूण? टायपिंगचा आवाज दिवसभर माझाच.

२५ जा., रविवार, चौफुला
हे काट्याच्या खोलीत बसून लिहितेय.
सकाळी घराखाली हॉर्न. सर, स्कूटरवर, कानाला मफलर. "चल." एवढंच. शिरूर, न्हावरा, सगळं धुक्यात. भीमेच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली. खाली पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज.
"आप्पांना कसं सांगायचं? पान, परवानगी, पॉइंटर... त्यांना काय कळणार?"
"ते नका सांगू, सर. कुणाचं चुकलं तेवढं सांगा."
त्यांनी कठड्यावरचा हात काढला. किक मारली.
आप्पा मळ्यात गेलेत. सर दारातल्या खुर्चीवर. एकदा विचारलं, "नंतर येऊ या का?" मी जागची हलले नाही. मामाला निरोप धाडलाय, आला नाही अजून. नवा ऑपरेटर एक ट्रक वजनाला घेतोय, काटा किंचित हलतो, माझी खुर्चीही.
आप्पांची जीप वळली. मागं मामा बसलाय. त्यांनीच आणलं की वाटेत भेटला...
सर उभे राहिले. मफलर काढताहेत.